लेडीज गाडीत लेडीज काय असतं?

भाचीसाठी गाडी बघायला आम्ही तिघं गेलो होतो: ती, तिचे वडील म्हणजे माझा भाऊ, आणि मी. शोरूमच्या पायरीवरच भावाने जाहीर केलं, "हिला लेडीज गाडी दाखवा." तिथल्या पोराने ज्या गाडीपाशी नेलं, तिच्या शेजारी तीच गाडी, त्याच रंगाची, साठीतले एक काका स्वतःसाठी घेत होते. हार घालून झाला होता, नारळ फोडायचा बाकी होता. मी पोराला विचारलं, "यात लेडीज काय आहे?" तो आधी हसला, मग विचारात पडला. "तसं काही नाही ताई. गिअर नाही, हलकी आहे, सेल्फ आहे." काका लगेच म्हणाले, "मग आम्हालाही तेच पाहिजे की!"

प्रश्न डोक्यात राहिला. बेळगावात सकाळी टिळकवाडीतलं पहिलं किंवा दुसरं रेल्वे गेट पडलं की थांबलेल्या गाड्या जरा निरखून बघा. पीयूसीच्या म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरी, दवाखान्यात ड्यूटीला निघालेल्या नर्स, साडीवर जर्किन घातलेल्या बँकेतल्या बायका, उद्यमबागेत पाळीवर जाणाऱ्या, फूटबोर्डवर मेथीच्या पेंढ्या घेऊन आलेली एखादी कडोलीची काकू. सगळ्यांच्या गाडीला नाव एकच, 'स्कूटी'. खरं तर स्कूटी हे टीव्हीएस कंपनीच्या एका गाडीचं नाव. पण झेरॉक्सचं झालं तसंच झालं. होंडाची असो नाहीतर सुझुकीची, आमच्याकडे बिनगिअरची म्हणजे स्कूटी.

ही काही बेळगावचीच गोष्ट नाही. २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या, त्यात ६८ लाखांहून जास्त स्कूटर होत्या. तिनातली एक म्हणा. यातल्या सगळ्या बायकांनी घेतल्या असं अजिबात नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. पण आधी गाडीच्या पोटात शिरू.

बाईच्या आणि दुचाकीच्या मध्ये पहिली आडवी आली ती टाकी. मोटारसायकलवर बसायचं तर पाय वरून टाकावा लागतो. साडीत ते जमत नाही. हा अडथळा आपल्यासाठी कुणी मुद्दाम काढला नाही. १९४६ मध्ये इटलीच्या पिआजो कंपनीने व्हेस्पा काढली. ती आखणारा कोर्रादिनो द'आस्कानियो विमानं-हेलिकॉप्टरवाला अभियंता होता, आणि त्याला मोटारसायकल मुळीच आवडायची नाही. बसायला अवघड, तेलाने कपडे खराब, पंक्चर काढायला त्रास. म्हणून त्याने इंजिन मागे सीटखाली नेलं, झाकून टाकलं आणि मध्ये मोकळी जागा ठेवली. इटलीतल्या बायकांच्या स्कर्टची सोय झाली आणि पुढे आमच्या पाचवारीचीही. तीच व्हेस्पा बजाजने पुण्यात परवान्यावर बनवली. परवान्याची मुदत संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली.

म्हणजे १९७२ च्याही आधीपासून साडीला चालणारी गाडी रस्त्यावर होती. तरी बाई मागेच बसली, एका बाजूला पाय सोडून, एक हात स्टेपनीला, एक पोराला. का?

कारण क्लच. आणि हा क्लच नीट समजला की बाकी सगळं समजतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

इंजिन एकदा चालू झालं की फिरतच राहतं. थांबलं की बंद पडलं. चाकाला मात्र कधी फिरायचं असतं, कधी थांबायचं. या दोघांची गाठ बांधायची आणि सोडायची सोय म्हणजे क्लच. चेतकवर ही गाठ डाव्या हाताने सोडायची, त्याच हाताची मूठ फिरवून गिअर टाकायचा, मग गाठ अलगद बांधायची आणि त्याच क्षणी उजव्या हाताने रेस द्यायची. घाई झाली की गाडी उडी मारून बंद. मग खाली उतरा, गाडी तिरकी करा (हे तिरकी करणं म्हणजे चेतकवाल्यांचं कुलदैवतच), किक मारा. गोवावेसला मागून चार हॉर्न वाजत असताना हे करून बघा.

पुरुष हे पोटातून शिकून येत नाहीत. तेही पडतात, गाडी भिंतीला लावतात, हेडलाइट फोडून घेतात. पण त्यांना ती मुभा असते. "पडला की शिकतो" म्हणतात. बाई एकदा पडली की "सांगितलं होतं, तुझ्याच्यानं होणार नाही," आणि किल्ली परत खिळ्याला. माझ्या मते लेडीज गाडीचं खरं मर्म इथे आहे. ताकद, वजन, रंग या पुढच्या गोष्टी. दोन संध्याकाळींत, घरातल्यांचं मन बदलायच्या आत शिकता येते, ती लेडीज गाडी.

पहिली अशी गाडी आमच्या घराण्यात निपाणीच्या मावशीकडे आली, लूना. कायनेटिकने १९७२ मध्ये काढलेली, ५० सीसीची, पॅडल असलेली. मावशी शाळेत शिकवायची. चढ आला की लूना धापा टाकायची आणि मावशी पॅडल मारायला लागायची. शिक्षिका चढावर पॅडल मारत चालली आहे हे दृश्य पोरांना फार आवडायचं. लूनात गिअर नव्हता म्हणजे खरं तर एकच होता, सपाटीलाही तोच आणि चढालाही तोच. तिथेच ती कमी पडायची.

ती अडचण सुटली १९८४ मध्ये, पुण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी मिळून काढलेल्या कायनेटिक होंडात. गिअर नाही, क्लच नाही, वर सेल्फ. बटण दाबलं की चालू. आजच्या प्रत्येक पेट्रोल स्कूटीच्या पोटात तीच रचना आहे. मी ती पहिल्यांदा उघडी पाहिली शहापुरातल्या एका मेस्त्रीकडे. माझी गाडी उचलतच नव्हती. रेस द्यावी तर आवाज मोठा, पळ काही नाही. त्याने डाव्या बाजूचं लांबट झाकण काढलं, आतून काळी भुकटी सांडली, आणि त्याने तेलकट तळहातावर सहा गोळे ठेवून दाखवले. मोठ्या सुपारीएवढे, पण एका बाजूने घासून चपटे झालेले. "अक्का, हे बघा. गोल पाहिजेत ते चपटे झालेत. आता सरकणार कसे?"

ते रोलर. त्यांचं काम समजायला पिठाची गिरणी आठवा. तिथे एका चाकावरून दुसऱ्या चाकावर पट्टा असतो. लहान चाकाने मोठं चाक फिरवलं तर फेरे कमी पण जोर जास्त. मोठ्याने लहान फिरवलं तर फेरे जास्त, जोर कमी. गाडीला निघताना, चढाला जोर लागतो. रस्ता मोकळा झाला की फेरे लागतात. गिअर बदलणं म्हणजे चाकांची ही जोडी बदलणं. स्कूटीत जोडी बदलत नाही, चाकंच लहानमोठी होतात.

कशी? दोन बश्या घ्या आणि तळाला तळ लावून धरा. दोघींच्या मध्ये गोल खाच तयार होते. त्या खाचेत पट्टा बसवलाय असं समजा. बश्या एकमेकींच्या जवळ ढकलल्या की पट्टा काठाकडे वर सरकतो, म्हणजे चाक मोठं झालं. लांब केल्या की पट्टा आत बुडतो, चाक लहान झालं. स्कूटीत अशी एक जोडी पुढे इंजिनाला आणि एक मागे चाकाच्या बाजूला असते. पुढच्या एका बशीच्या मागे ते सुपारीएवढे रोलर ठेवलेले असतात. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात आणि बशीला ढकलतात. पुढची जोडी मिटते, तिथे पट्टा वर चढतो, आणि पट्ट्याच्या ताणाने मागची जोडी उघडून पट्टा खाली बुडतो. हळूहळू, आपोआप, आपल्याला न विचारता. 'बिनगिअरची' म्हणतो आपण, पण बघायला गेलं तर त्यात मोजता येणार नाहीत इतके गिअर आहेत. माझे रोलर चपटे झाल्यामुळे बशी पूर्ण सरकतच नव्हती.

आणि क्लच? तोही आत आहेच, फक्त हातात नाही. फुगडी घालताना हळू फिरतो तोवर वेण्या पाठीवर असतात; गिरकी वाढली की त्या बाहेर उडतात. मागच्या चाकाजवळ लोखंडी डब्यात क्लच शू असतात, स्प्रिंगने आत ओढून धरलेले. गाडी जागेवर भुरभुरत असते तेव्हा ते आत. मूठ पिळली की वेण्यांसारखे बाहेर, डब्याच्या कडेला चिकटतात, डबा फिरतो, चाक फिरतं. मूठ सोडली आणि वेग उतरला की परत आत. गाठ बांधणारा हात गेला, त्या जागी स्प्रिंग आली.

या सोयीची किंमत आहे, ती सेल्समन सांगत नाही. पट्ट्यात थोडी ताकद वाया जाते, म्हणून त्याच पेट्रोलमध्ये शंभर सीसीची मोटारसायकल स्कूटीपेक्षा जास्त पळते. पट्टा तुटतो तेव्हा खूपदा आधी सांगून तुटत नाही. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला तो बदलून घ्यावा, जांबोटीच्या रानात बदलायची वेळ येऊ देऊ नये. चढावर सिग्नलला थांबल्यावर ब्रेक सोडून नुसत्या रेसवर गाडी तोलून धरू नका. शू घासत राहतात, तापतात. आणि घाट. मोटारसायकल खालच्या गिअरात टाकली की इंजिनच तिला मागे धरतं. स्कूटी त्या मानाने फार कमी धरते, वेग उतरला की तर सोडूनच देते. गोव्याला जाताना चोर्ल्याचा उतार सबंध ब्रेकवर उतरावा लागतो, तापलेला ब्रेक पकड सोडतो. मध्ये थांबावं, चहा प्यावा, चाकांना निवू द्यावं.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूकही याच रचनेतून येते. माणूस घाबरला की मूठ आवळतो. मूठ आवळताना मनगट खाली जातं, मनगट खाली गेलं की रेस वाढते, आणि इथे तर क्लच आपोआप बसतो. गाडी पुढे झेपावते, बाई आणखी घाबरते, मूठ आणखी आवळते. अनगोळच्या एका गटारात मी याच मार्गाने गेले होते. म्हणून सेल्फ मारताना ब्रेक दाबलेलाच पाहिजे अशी सोय गाडीत असते, आणि म्हणून शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी पुढे जायला शिकवण्याआधी मूठ सोडायला शिकवावं.

मला शिकवलं मावशीने, व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालच्या रस्त्यावर, पहाटे, ओळखीचं कुणी उठायच्या आत. गाडी चालवायला दोन दिवसांत आली. मोठ्या स्टँडवर लावायला आठवडा गेला. मी हँडल आणि मागची दांडी धरून जीव खाऊन ओढायची, गाडी जागची हलायची नाही. "हातानं उचलू नको गे, पायानं दाब. सगळं वजन पायावर दे." स्टँड म्हणजे पहार असते, तिच्या टोकावर उभं राहिलं की गाडी आपणहून मागे चढते. हात फक्त तोल धरायला. कंपन्यांनाही हे उशिरा उमगलं. टीव्हीएसने पुढे कमी जोरात लागणारं स्टँड काढून त्याची जाहिरातच केली.

वजनाचं आणि उंचीचं असंच आहे. स्कूटी पेप प्लस नव्वदीच्या घरातल्या किलोंची, अॅक्टिव्हा शंभराच्या थोडी वर. पण कागदावरच्या आकड्यांनी फसू नये. अॅक्टिव्हाची सीट साधारण ७६५ मिलिमीटर, स्प्लेंडरची ७८५. फरक दोन सेंटिमीटर. तरी काही गाड्यांवर पाय टेकतात आणि काहींवर फक्त चवडे, कारण सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढा पाय वर राहतो. भाचीला मी शोरूममध्ये गाडीवर नुसतं बसवलं नाही, चप्पल काढून बसवलं. गेटावर दहा मिनिटं उभं राहायचं असतं ते पायांवर.

आता जाहिरातींकडे. २००६ च्या सुमारास हिरो होंडाने प्लेझर आणली, जाहिरातीत प्रियांका चोप्रा, आणि विचारणा अशी की सगळी मजा पोरांनीच का करायची? त्यासाठी 'जस्ट फॉर हर' नावाची बायकांची वेगळी शोरूम काढली. टीव्हीएसने स्कूटीला ९९ रंग दिले. यामाहाने २०१२ मध्ये रे काढली, तिला दीपिका पदुकोण. सगळीकडे वारा, केस, मैत्रिणी, गुलाबी रंग.

या जाहिराती मला कधी खोट्या वाटल्या नाहीत, पण अर्धवट वाटल्या. त्या पोरीशी बोलत होत्या. पैसे बापाकडे होते. बापाला गुलाबी रंगाशी घेणं नव्हतं. त्याला पाहिजे होतं की गाडी बंद पडू नये, पत्रा भक्कम असावा, रविवारी त्यालाही बाजाराला नेता यावी, आणि विकताना किंमत यावी. हे सगळं ज्या गाडीने दिलं, तिने 'बायकांसाठी' असं कधी ओरडून सांगितलं नाही. २००० नंतर आलेली अॅक्टिव्हा म्हणजे चार स्ट्रोकचं इंजिन, पत्र्याची बॉडी, सगळ्या घराची गाडी. इकडे बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटर बंद करून मोटारसायकलींवरच लक्ष द्यायचं ठरवलं, आणि तिकडे २०१६ मध्ये अॅक्टिव्हाने विक्रीत स्प्लेंडरलाही काही काळ मागे टाकलं. त्याच बजाजने २०२० मध्ये चेतक परत आणली, बिनगिअरची, विजेवरची.

उलटाही प्रकार झाला. स्कूटर म्हणजे बायकांची असा शिक्का इतका बसला, की २०१३ मध्ये टीव्हीएसने ज्युपिटर आणली ती पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून. आत पट्टा तोच, रोलर तेच, शू तेच. पण त्या पुरुषांच्या गाडीने बायकांचे हाल कमी केले: चाकं बारा इंची आणि पेट्रोल भरायचं झाकण बाहेर. एरवी बहुतेक स्कूटींवर पंपावर सीट उचलावी लागायची, म्हणजे डिकीतली भाजी, दळण, डबा सगळ्यांसमोर.

बारा इंचांचं महत्त्व बेळगावच्या पावसाळ्यात कळतं. दहा इंची चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि कडेला आपटून बाहेर येतं. मोठं चाक तोच खड्डा वरून काढतं. बैलगाडीचं चाक उगीच एवढं मोठं नसतं. लाल चिखलात, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात, मागे डबलसीट असताना हा दोन इंचांचा फरक कमरेला विचारा.

पोरी इतक्या पटकन गाडीवर कशा बसल्या, याचं आणखी एक कारण मला दिसतं, ते कुठल्याही कंपनीचं नाही. २००६-०७ पासून कर्नाटक सरकारने आठवीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुठेही गेलं तरी सकाळी सायकलींची रांग दिसायची. सायकल येणाऱ्याला स्कूटीत नवीन काहीच नसतं: तोल तोच, दोन ब्रेक दोन हातांत, पायाला काम नाही. त्या पोरी आता तिशीत आहेत. दुचाकीची भीती त्यांची आठवीतच गेली.

मग बस? ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट आहे. तरी गाड्या कमी झालेल्या दिसत नाहीत, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. बस फुकट झाली, वेळेवर झाली नाही. खानापूरच्या आतल्या गावात शिकवणाऱ्या माझ्या वहिनीला वस्तीची बस सकाळी सोयीची पडते. येताना मात्र शाळा सुटल्यावर फाट्यापर्यंत पायपीट आणि मग हात दाखवत उभं राहणं. तिने गाडी घेतली ती तिकिटासाठी नाही, त्या फाट्यासाठी. आणि सीमेवर तर आणखी गंमत. शिनोळी बेळगावपासून पंधराएक किलोमीटर, पण महाराष्ट्रात. तिथली बाई बाजाराला, दवाखान्याला बेळगावलाच येते. शक्तीची फुकट बस कर्नाटकातल्या रहिवासी बायकांना; हिला महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, तेही राज्याच्या हद्दीपुरतं. एकाच रस्त्यावर दोन बायका, दोन हिशेब. स्कूटीला सीमा कळत नाही.

कागदांना मात्र कळते. कोल्हापुरात गाडी स्वस्त मिळते म्हणून तिकडची एमएच-०९ आणून बेळगावात वापरायची युक्ती बरेच जण सुचवतात. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली, तर कायद्याने तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला करही भरावा लागतो. वाचलेले पैसे तिथे जातात.

पैशांचंच निघालं तर हप्त्याचंही सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढी गाडी स्वस्त झाली. पण फायनान्सवाले 'फक्त ११ टक्के' म्हणतात तेव्हा विचारा, फ्लॅट की रिड्युसिंग? ७० हजारांचं कर्ज तीन वर्षांसाठी घेतलं असं धरा. फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत पूर्ण ७० हजारांवर लागतं, फेडलेल्या पैशांवरसुद्धा. हप्ता साधारण २,५८६. रिड्युसिंगमध्ये उरलेल्या रकमेवरच लागतं. हप्ता साधारण २,२९२. दोन्हीकडे ११ च टक्के, आणि तीन वर्षांत फरक साडेदहा हजारांचा. पहिल्या गाडीच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं, आणि समोरच्याने सांगायची तसदी घेतली नव्हती. कुणी कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० हप्त्याला लावतात, कुणी भिशी उचलून डाउन पेमेंट करतात. भिशीचं बरं असतं, व्याज विचारायला लागत नाही.

लायसन्सचा घोळ वेगळाच. बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स निराळं असतं. ते असेल तर नवऱ्याची मोटारसायकल चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि शोरूममध्ये आज दिसते ती प्रत्येक पेट्रोल स्कूटी त्याच्या कितीतरी वर. म्हणजे पीयूसी पहिल्या वर्षाची पोरगी अॅक्टिव्हावर दिसली की ती कायद्याबाहेर आहे. सापडली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अडीचशे वॉटहून कमी ताकदीची, ताशी २५ च्या आत चालणारी विजेची गाडी मात्र कायद्याच्या लेखी मोटारगाडीच नाही. तिला लायसन्सही नको आणि नंबरही नको. बाकी गाड्यांवर हेल्मेट सगळ्यांना, मागे बसणारीलाही. अंबाड्यावर ते बसत नाही, गजरा तर चुरगळतोच. वेणी खाली बांधा आणि गजरा पर्समध्ये न्या, दुसरा उपाय मला सापडलेला नाही. ओढणीला मात्र गाठ मारून घ्या. मोटारसायकलला मागच्या चाकावर साडी गार्ड लागतं, हा नियम उगीच झालेला नाही.

आणि शेवटी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद. घरात सगळे म्हणतात "तिची गाडी". आरसी काढून बघा, नाव नवऱ्याचं नाहीतर बापाचं. मलाही यात काही वावगं वाटत नव्हतं, विम्याचा कागद नीट वाचेपर्यंत. दुचाकीच्या विम्यासोबत १५ लाखांचं अपघाती संरक्षण असतं, ते 'मालक-चालक' याला. म्हणजे आरसीवर ज्याचं नाव, तोच लायसन्ससह गाडी चालवत असताना. थर्ड पार्टी विमा असतो तो आपली गाडी ज्याला लागली त्याच्यासाठी. नवऱ्याच्या नावावरची गाडी बायको रोज चालवते, तिचा तिच्याच चुकीने अपघात झाला, तर ती मालक नाही आणि तिसरीही नाही. वेगळा विमा काढला नसेल तर तिच्यासाठी त्या कागदात काही नाही. हप्ता तिने फेडलेला असला तरी.

हे मी शोरूममध्येच भावाला सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्याशा पोरीच्या नावावर?" पोरगी एकवीस वर्षांची आहे, स्वतः कमावते. शेजारचे काका नारळ हातात घेऊन ऐकत होते, त्यांनी सेल्समनला हळूच विचारलं, "आमची गाडीही आमच्या हिच्या नावावर करता येईल काय? मी एक वेळ चालवणार, ती दिवसभर."

भाचीचा नंबर परवा आला, केए-२२. आरसीवर तिचंच नाव आहे. आडनावात एक अक्षर चुकलंय, ते दुरुस्त करायला परत एक खेप आहे. फॉर्म मीच भरला होता.